आधी पट्टी काढून बघा

मिस्त्रींना दिवसातून किमान चार वेळा एकच प्रश्न विचारला जायचा, आणि चारही वेळा त्यांच्या डोक्यात तीच तिडीक उठायची. प्रश्न असा, की या एवढ्याशा इंजिनात ते महागातलं सिंथेटिक ऑइल घालावं का? परवडतं का ते? विचारणारा दुकानाच्या दारात उभा असायचा, त्याच्या पायाशी गवत कापायचं मशीन नाहीतर पाण्याचा पंप असायचा, आणि त्या मशीनच्या पोटातलं ऑइल तीन वर्षांत कोणी बदललेलं नसायचं. बदलणं राहू द्या, आत ऑइल आहे की नाही हेसुद्धा कोणी बघितलेलं नसायचं.

"आधी पट्टी काढून बघा," मिस्त्री म्हणायचे. "पट्टी ठाऊक आहे ना? हे झाकण फिरवलं की खाली लोंबते ती. तिला ऑइल लागलंय का ते बघा. मग साधं की सिंथेटिक ते आपण बसून बोलू."

माणूस हसायचा. त्याला वाटायचं, मिस्त्री गंमत करताहेत. यात हसण्यासारखं काय आहे हे मिस्त्रींना चौतीस वर्षांत कळलं नव्हतं.

दुकान म्हणजे एक खोली. पुढे वर सरकणारं लोखंडी शटर, आत एक लांब टेबल, टेबलाला लोखंड घट्ट धरायचा व्हाइस बसवलेला, आणि भिंतीवर पाने टांगलेले. प्रत्येक पान्याच्या मागे त्याच्याच आकाराची रेघ रंगवलेली होती, म्हणजे कुठला जागेवर नाही ते लांबूनही दिसावं. टेबलाच्या वर एका खिळ्याला इंजिनाच्या आतला एक तुटलेला कनेक्टिंग रॉड लटकत होता. तो मिस्त्रींच्या मालकांच्या वेळचा. एकोणीस वर्षांचे असताना मिस्त्री पंप दुरुस्तीच्या त्या दुकानात लागले, आणि पहिल्याच महिन्यात मालकांनी हा रॉड त्यांच्या हातात ठेवला. "बिनऑइलचं चाललेलं इंजिन," एवढंच ते म्हणाले होते. मालक गेले, दुकान मिस्त्रींच्या हाती आलं, रॉड तिथेच राहिला.

ऑइलवरचं मिस्त्रींचं व्याख्यान सगळ्या रस्त्याला पाठ होतं. मोटारीत चार लिटर ऑइल असतं आणि ते गाळायला फिल्टर असतो. या चिमुकल्या इंजिनात जेमतेम बाटलीभर ऑइल, आणि बहुतेकांना फिल्टर नाहीच. म्हणजे झिजलेल्या धातूचा चुरा आणि काजळी त्यातच फिरत राहणार. ऑइल कितीही भारी घाला, घाण तेवढीच होणार. "साबण कितीही महागाचा आणला तरी आंघोळ रोज करावीच लागते ना?" इथे मिस्त्री थांबून समोरच्याकडे बघायचे. समोरचा मान डोलवायचा आणि विचारायचा, "ते खरं, पण मग सिंथेटिक घालू की नको?"

या दुकानात मिस्त्रींशिवाय त्यांची धाकटी मुलगी होती. थोरली लग्न होऊन लांब गेली होती. धाकटीने तंत्रशाळेत इंजिनांचं शिक्षण घेतलं आणि सहा वर्षांपूर्वी ती बापाच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. सुरुवातीला लोक तिच्या डोक्यावरून आत डोकावून विचारायचे, "मिस्त्री नाहीत का?" आता तेच लोक मिस्त्री आत आहेत असं दिसलं की बाहेरच घुटमळायचे आणि धाकटी मोकळी झाली की पुढे यायचे, कारण ती व्याख्यान देत नसे. याचा मिस्त्रींना अभिमान वाटायचा आणि रागही यायचा. दोन्ही एकाच वेळी येत असल्यामुळे ते दिवसभर फणफणत असायचे.

धाकटीचं ऑइलबद्दलचं मत वेगळं होतं. ती म्हणायची, घाण होते हे कबूल, वेळेवर बदलायला हवं हेही कबूल. पण जे मशीन कोंदट जागेत, सतत, जड ओझ्याखाली चालतं ते प्रचंड तापतं, आणि तिथे साधं ऑइल लवकर जळून पातळ पडतं. सिंथेटिक टिकतं. कडाक्याच्या थंडीतही ते चटकन सगळीकडे पोचतं. "ज्या इंजिनाला त्रास आहे त्याला द्यावं, बाबा. सगळ्यांना द्या असं मी कुठे म्हणते?"

"माझ्या हाताखालून गेलेलं एकही इंजिन साध्या ऑइलने मेलेलं नाही," मिस्त्री म्हणायचे. मग ते दहा मिनिटं बोलायचे, आणि ती दहा मिनिटं धाकटी काम करायची.

पण त्या महिन्यात मिस्त्रींच्या जिवाला खरी टोचणी लागली होती ती ऑइलची नव्हे. मशीन विकणाऱ्या एका मोठ्या एजन्सीने धाकटीला त्यांच्या दुरुस्ती विभागात बोलावलं होतं. तसं पत्र आलं होतं. ती जाईल का नाही, हे महिनाअखेरच्या शनिवारपर्यंत कळवायचं होतं. पत्र तिने स्पार्क प्लगच्या खोक्यांच्या खणात ठेवलं होतं, आणि ती बाहेर गेली असताना मिस्त्रींनी ते दोनदा चोरून वाचलं होतं. त्यांना तिला सांगायचं होतं, जाऊ नकोस. तोंडातून मात्र निघायचं, "बारा नंबरचा पाना जागेवर का नाही?"

आता त्या लाल फडक्याबद्दल सांगायला हवं. मिस्त्रींच्या दुकानात एक नियम होता, आणि तो त्यांनी स्वतः घातला होता. इंजिनातलं ऑइल काढलं, की त्याच क्षणी त्या इंजिनाच्या दोरीच्या मुठीला एक लाल फडकं बांधायचं. ज्या मुठीला धरून इंजिन चालू करायचं, तिलाच. नवीन ऑइल जो घालेल त्यानेच फडकं सोडायचं, आणि दुसऱ्या कोणी त्याला हात लावायचा नाही. मुठीला फडकं नाही याचा अर्थ आत ऑइल आहे. या नियमावर ते दुकान इतकी वर्षं बिनघोर चाललं होतं.

त्या मुदतीच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी लाँड्रीवाल्या मावशींचा जनरेटर तयार झाला. मावशींची लाँड्री दोन दुकानं पलीकडे. वीज गेली की इस्त्र्या त्या जनरेटरवर चालायच्या. मिस्त्रींनी कार्बोरेटर साफ केला, जनरेटर चालवून बघितला, आणि इंजिन गरम असतानाच जुनं ऑइल काढलं, कारण गरम असलं की ते गाळासकट निघतं. मुठीला फडकं बांधलं. शेवटचा थेंबसुद्धा निथळावा म्हणून तसंच ठेवून दिलं. सोमवारी सकाळी फक्त नवीन ऑइल घालायचं राहिलं होतं.

सोमवारी सकाळी कात्रणकाका आले. हे एक निवृत्त कारकून. त्यांच्याकडे गवत कापायचं एक छोटं मशीन होतं आणि वाचायला भरपूर वेळ होता. कुठेही ऑइलबद्दल काही छापून आलं की ते कापून घेऊन यायचे. त्या दिवशीच्या कात्रणात लिहिलं होतं, की सिंथेटिक घातलं तर ऑइल बदलायची कटकट जवळपास संपतेच.

"संपते?" मिस्त्री म्हणाले. त्यांच्या हातात साध्या ऑइलचं मोजपात्र होतं, जनरेटरमध्ये ओतायच्या बेतात असलेलं. "कोणी लिहिलंय हे? त्याला आणा इथे माझ्यासमोर!"

"बाबा, तो भाग चुकीचाच आहे," टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून धाकटी म्हणाली. "पण मावशींच्या जनरेटरला सिंथेटिकच घाला. त्यांच्या त्या मागच्या कोपऱ्यात वारा लागत नाही. मागच्या वेळी ऑइल कसं निघालं बघितलंत ना?"

झालं. मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्या माणसासमोर, आणि तेही कात्रणकाकांसमोर! ते तावातावाने हात उडवून बोलू लागले, आणि मोजपात्रातलं अर्धं ऑइल त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. हाताशी आलं त्या फडक्याने त्यांनी हात पुसला, ते खिशात कोंबलं, आणि "थांबा, डब्यावर काय छापलंय तेच दाखवतो!" म्हणत ते मागच्या खोलीत डबा आणायला गेले. डबा सगळ्या डब्यांच्या मागे होता. तो काढून ते बाहेर आले तेव्हा कात्रणकाका होते, पण जनरेटर नव्हता. मावशींचा हातगाडीवाला येऊन गेला होता.

मिस्त्रींनी काय समजावं? त्यांना वाटलं, आपण आत गेलेलं बघून पोरीने डाव साधला, सिंथेटिक ओतलं आणि जनरेटर रवाना केला. त्यांना इतका राग आला की त्यांनी विचारलंसुद्धा नाही. धाकटीला काय वाटावं? मुठीला फडकं नाही, बाबांच्या हातात मोजपात्र होतं, म्हणजे बाबांनी हट्टाने साधंच ओतलं. तिलाही राग आला. तिनेही विचारलं नाही. दिवसभर बापलेक एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. कुठलं ऑइल घातलं यावरून दोघांची तोंडं फुगलेली, आणि इंजिनात ऑइलचा थेंब नाही.

मंगळवारी दुपारी वीज गेली. मावशींनी जनरेटर चालू केला. तो बारा मिनिटं चालला, मग खडखडला, मग आतून काहीतरी मोडल्याचा आवाज येऊन जागीच गच्च झाला. नवीन जनरेटरना ऑइल कमी झालं की आपोआप बंद व्हायची सोय असते. हा त्याच्या आधीचा होता. मावशींनी तो पुन्हा हातगाडीवर घालून आणला, आणि मिस्त्रींनी रस्त्यावरच उकिडवं बसून झाकण फिरवलं, पट्टी काढली. पट्टी कोरडी होती.

"फडकं कोणी सोडलं?" मिस्त्री गरजले.

"मी नाही," धाकटी म्हणाली.

"मग काय फडक्याला पाय फुटले? गेलं स्वतःच चालत?"

रस्त्यावर माणसं थांबली होती. स्टेशनरीवाला बाहेर आला होता. धाकटी मावशींकडे वळून म्हणाली, "मावशी, चूक माझी आहे. जाऊ देण्याआधी मी पट्टी काढून बघायला हवी होती." आणि ती आत गेली.

तिने दोन दिवस खाली मान घालून काम केलं. जे वाक्य मिस्त्री सगळ्या जगाला ऐकवायचे तेच आपण विसरलो, हे तिला लागलं होतं. मिस्त्रींना तिची दया येत होती, पण दया दाखवायची म्हणजे कसं, हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणून ते बडबडत राहिले, की नियम म्हणजे नियम, आजकाल कोणाचं लक्ष म्हणून नसतं, आणि मोठ्या एजन्सीत असलं चालणार नाही. हे शेवटचं त्यांनी का म्हटलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

गुरुवारी मावशी मिस्त्रींचे कामाचे कपडे घेऊन आल्या. दर आठवड्याला ते मावशींकडे धुवायला जायचे, आणि जनरेटर मोडला म्हणून कपडे धुणं थांबलं नव्हतं. निळे शर्ट, निळ्या पँटी, कडक इस्त्री. आणि सगळ्यात वर, चार घड्या घातलेलं, कडा जुळवून इस्त्री केलेलं लाल फडकं.

"हे तुमच्या पँटच्या खिशात होतं, मिस्त्री," मावशी म्हणाल्या. "खिसे तरी रिकामे करत जा हो. बरं झालं हाताला लागलं, नाहीतर माझे पांढरे कपडे गुलाबी झाले असते. सोमवारी संध्याकाळी पाठवलेल्या पँटमध्ये होतं. केवढं ते ऑइल त्याला, दोनदा उकळावं लागलं!"

मावशी गेल्या. धाकटी मागच्या खोलीत होती. मिस्त्रींनी फडकं उचललं. खूप दिवसांनी ते इतकं स्वच्छ झालं होतं. मनगटावरून ओघळणारं ऑइल, हाताशी आलेलं कापड, मुठीची ती गाठ, सगळं त्यांना एकदम आठवलं.

कोणालाच काही कळणार नव्हतं, आणि हेच वाईट होतं. मावशींना त्या फडक्याचा अर्थ माहीत नव्हता. मिस्त्रींनी ते पटकन खणात टाकलं, वर प्लगची खोकी ठेवली, आणि उरलेला दिवसभर आपला राग समोर येईल त्या गिऱ्हाइकावर काढला. एका बिचाऱ्याने पंपासाठी सिंथेटिक घ्यावं का असं विचारताच मिस्त्रींनी त्याला असं झापलं की तो पंप तिथेच टाकून निघून गेला. घरी पोचल्यावर त्यांनी पाण्याच्या तांब्याला दोष दिला, खुर्चीला दिला, आणि शेवटी अंथरुणावर जाऊन पडले. बायकोने एकदा त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी जेवताना धाकटी म्हणाली, "मी उद्या एजन्सीला हो कळवते."

"का?" मिस्त्रींनी विचारलं.

"का म्हणजे? इथे मी तुमचा एक साधा नियम सांभाळू शकले नाही. तुमचं मशीन माझ्या भरवशावर बाहेर जाणार नाही आता, दिसतंय मला ते. मग रोज टेबलाच्या दोन टोकांना उभं राहून भांडायचं कशाला?"

मिस्त्री उठले, बाहेर टांगलेल्या पिशवीपाशी गेले आणि परत आले. ते फडकं त्यांनी दुकानातून घरी आणलं होतं, कारण खणात ठेवून त्यांना चैन पडेना. त्यांनी ते धाकटीच्या ताटाशेजारी ठेवलं.

"माझ्या खिशात होतं. मीच सोडलं. हात पुसला त्याने. त्या कात्रणाच्या नादात."

धाकटीने फडकं उचलून पाहिलं. मग तिचा आवाज चढला, आणि तो तिच्या बापासारखाच चढला. "तीन दिवस, बाबा! तीन दिवस मी त्या सोमवारचं एकेक मिनिट आठवतेय! मला वाटलं, मीच सोडलं असेल आणि विसरले असेन. डोकं फिरायची वेळ आली होती माझी. आणि तुम्ही भर रस्त्यात विचारलंत, फडक्याला पाय फुटले का!"

"हो."

"हो काय?"

"उद्या भर रस्त्यात सांगतो, मीच होतो म्हणून." मिस्त्रींनी घसा खाकरला. "आणि तू जाऊ नकोस."

"हे महिनाभर आधी सांगायला काय झालं होतं?"

"त्यांचं तोंड फक्त ऑइलसाठी उघडतं," बायको म्हणाली आणि तिने मिस्त्रींच्या ताटात आणखी वाढलं. धाकटी हसली नाही. जेवण संपवून ती आपल्या खोलीत गेली.

शनिवारी मिस्त्री सकाळीच लाँड्रीत गेले आणि गिऱ्हाइकांसमोर त्यांनी मावशींना सगळं सांगितलं.

"म्हणजे तुमच्या चोरीचा माल मीच इस्त्री करून तुमच्या हातात दिला?" मावशी म्हणाल्या. मग त्यांनी इस्त्री उभी केली. "जनरेटर काय, होईल. पण मंगळवारी पोरीला काय बोललात ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. ते निस्तरलंत का?"

"निस्तरतोय," मिस्त्री म्हणाले. वाटेत त्यांनी स्टेशनरीवाल्यालाही थांबवून सांगितलं. त्या बिचाऱ्याने विचारलंसुद्धा नव्हतं.

मिस्त्रींनी स्वतःसाठी एक चांगलं इंजिन बरीच वर्षं जपून ठेवलं होतं. ते त्यांनी मावशींच्या जनरेटरला बसवलं. मोडलेल्या इंजिनातून काढलेला रॉड त्यांनी दुसरा खिळा ठोकून मालकांच्या रॉडशेजारी लटकवला. धाकटी हे सगळं बघत होती. ती दुकानात आली होती, पण पत्राबद्दल बोलली नव्हती, आणि विचारायची मिस्त्रींची हिंमत होत नव्हती. नव्या इंजिनाच्या मुठीला लाल फडकं बांधलेलं होतं. नरसाळं घेऊन ती समोर उभी राहिली. टेबलावर दोन्ही ऑइलच्या बाटल्या होत्या. मिस्त्री दात आवळून गप्प होते, आणि त्यांना त्याचा किती त्रास होतोय ते त्यांच्या कपाळाच्या शिरेवर दिसत होतं.

तेवढ्यात कात्रणकाका आले. "मग मिस्त्री? काय ठरलं शेवटी? सिंथेटिक परवडतं का?"

मिस्त्रींनी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

"तिला विचारा," ते म्हणाले.

कात्रणकाकांना हे इतकं अनपेक्षित होतं की त्यांनी आधी मागे वळून पाहिलं. धाकटीने सुद्धा बापाकडे पाहिलं.

"तुमच्या मशीनला नाही परवडत, काका," ती म्हणाली. "तुम्ही महिन्यातून दोनदा अर्धा तास गवत कापता. साधंच घाला, आणि वर्षातून एकदा न चुकता बदला. ते कात्रण फाडून टाका."

"आणि याला?"

"याला परवडतं. हा कोंदट कोपऱ्यात तासन्तास तापतो. पण बदलायचं याचंही वेळच्या वेळीच. घाण दोन्हींत सारखीच होते."

हे शेवटचं वाक्य कोणाचं होतं ते मिस्त्रींना कळलं. तिने सिंथेटिक ओतलं आणि फडकं सोडलं. मिस्त्रींनी पुढे होऊन झाकण फिरवलं, पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून काढली आणि तिला दाखवली. ऑइल बरोबर खुणेपर्यंत होतं.

मग धाकटीने प्लगचा खण उघडला. आतला एक कागद काढला, त्याचा चतकोर तुकडा फाडला, त्याच्या कोऱ्या बाजूवर ऑइलचं नाव आणि तारीख लिहिली आणि तो दोऱ्याने जनरेटरला बांधला. कागद जाड होता. उलट्या बाजूला एजन्सीचं छापील नाव अर्धवट दिसत होतं.

मिस्त्रींनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. "कसला कागद आहे हा?" त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

"जसं काही तुम्हाला माहीतच नाही," धाकटी म्हणाली. तिने उरलेला कागद उलटा करून त्यांच्यासमोर धरला. कोपऱ्यात एक काळपट, रुंद ठसा उमटलेला होता. "पहिल्याच दिवशी कळलं होतं मला तुम्ही वाचलंत ते. अंगठा आहे तुमचा. साध्या ऑइलचा."